स्ट्राँग, माइल्ड आणि त्यापलीकडे

बिअर चार गोष्टींची बनते: मोड आणून वाळवलेले जव (माल्ट), हॉप्स नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी. जवातल्या पिष्टाची साखर होते, त्या साखरेवर यीस्ट पोसते आणि त्यातून मद्यार्क व वायू तयार होतो. हॉप्समुळे कडवटपणा आणि वास येतो. एवढ्या मोजक्या सामग्रीतून शंभराहून अधिक प्रकार निघतात. पिकल्या केळ्याचा वास येणारी गव्हाची बिअर असते, कॉफीची आठवण करून देणारी काळी स्टाउट असते, मीठ घातलेली आंबट गोझ असते, कारल्याशी स्पर्धा करणारी आयपीएही असते. धाराशिव जिल्ह्यातल्या परमिट रूममध्ये मात्र वेटर एकच प्रश्न विचारतो: स्ट्राँग की माइल्ड? या प्रश्नात चव कुठेच नाही, फक्त मद्यार्काचे प्रमाण आहे. बहुतेक टेबलांवर उत्तरही ठरलेले असते.

आवड ही ज्याच्या त्याच्या जिभेची खासगी बाब समजली जाते. बिअरच्या बाबतीत ती पुष्कळ अंशी कर, कायदा, रस्ता, बर्फ आणि पाणी यांनी घडवलेली असते. जिथे दोनच बाटल्या मिळतात तिथे माणसाला नेमके काय आवडते, हे त्याचे त्यालाही कळण्याची सोय नसते. क्राफ्ट बिअरच्या चळवळीचे महत्त्व तिच्या फॅशनपेक्षा या सोयीत आहे. म्हणून या पुस्तकातली चवींची ओळखही आधी ही घडण समजून घेऊन मग ग्लासाकडे वळते.

क्राफ्ट बिअर म्हणजे लहान प्रमाणावर, मालकीने स्वतंत्र असलेल्या ब्रुअरने, चव हा पहिला हेतू ठेवून बनवलेली बिअर. महाराष्ट्रात परवाना मिळतो तो ‘मायक्रोब्रुअरी’चा, ‘क्राफ्ट’ हा शब्द बाजाराने रूढ केला आहे. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या रंगीत कॅनवरही तो दिसू शकतो आणि तेवढ्यावर विसंबून चालत नाही. दोन्हींतला खरा फरक कारखान्यात दिसतो. मोठ्या ब्रुअरीला लाखो बाटल्यांची चव तंतोतंत सारखी ठेवायची असते. बाटली महिनोन्‌महिने टिकावी म्हणून ती पाश्चराइज केली जाते, आणि खर्च आवरण्यासाठी जवाच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरली जाते. मायक्रोब्रुअरीत बिअर टाकीतून थेट नळाला येते, बहुधा न गाळता आणि पाश्चराइज न करता. ती काही आठवड्यांत संपवावी लागते. एका खेपेची चव दुसऱ्या खेपेहून थोडी वेगळी असणे तिथे दोष मानला जात नाही, अर्थात ब्रुअर कुशल असेल तर. बेफिकिरीने केलेली बिअर ‘हँडमेड’ म्हणून खपवणारे ब्रूपब, म्हणजे बिअर बनवून तिथेच पाजणारे बारही, कमी नाहीत.

भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरचा फार मोठा वाटा स्ट्राँगचा आहे. जगातल्या बहुतेक बिअरप्रिय देशांत चित्र याच्या उलट आहे. हे का, ते साध्या गणितात दिसते. 650 मिलिलिटरच्या, 8 टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. 5 टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत साडेबत्तीस. दोन्ही बाटल्यांच्या किमतीत फरक थोडा. व्हिस्कीचा 60 मिलिलिटरचा पेग 42.8 टक्क्यांनी धरला, तर त्यात पावणेसव्वीस मिलिलिटर येतो, आणि 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे 77. दिवसाच्या मजुरीतून पिणारा माणूस हे आकडे कधी कागदावर मांडत नाही, पण त्याचा व्यवहार याच हिशोबाने चालतो. त्याच्या दृष्टीने स्ट्राँग म्हणजे क्वार्टरच्या अलीकडचा थांबा. मायक्रोब्रुअरीतल्या 330 मिलिलिटरच्या ग्लासात 5 टक्क्यांनी फक्त साडेसोळा मिलिलिटर मद्यार्क असतो आणि तो ग्लास त्या स्ट्राँगच्या बाटलीहून महाग पडतो. रुपयामागे नशा मोजणाऱ्याला क्राफ्ट बिअर हा सरळसरळ तोट्याचा सौदा वाटतो, आणि त्याच्या हिशोबात चूक काढता येत नाही.

तापमानही त्याच दिशेने ढकलते. मार्च ते मे पारा चाळिशीच्या आसपास असताना बाटली ‘चिल्ड’ हवी असते, म्हणजे बर्फाच्या पेटीतून काढलेली. इतक्या गार द्रवात जीभ बधिर होते आणि वास उठत नाही. स्ट्राँग बिअरचा गोडसर, मद्यार्काचा भपकारा गारव्यात लपतो, म्हणून ती तशीच प्यायली जाते. थंडीत सावकाश आंबणाऱ्या हलक्या लागरला 4 ते 7 अंश योग्य असले, तरी जरा उबेत झपाट्याने आंबणाऱ्या एलला 8 ते 13 अंश लागतात आणि स्टाउट त्याहूनही थोडी कोमट चालते. ब्रूपबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याची सर्वांत सामान्य तक्रार ‘बिअर नीट गार नाही’ अशी असते, ती यामुळे.

या भागात मद्य नवे नाही आणि पसंतीही नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तांदळाचे मेदक, पिठाची प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय अशा प्रकारांची घडण दिली आहे आणि आंबवण्यासाठी उडदापासून केलेले किण्वही सांगितले आहे. धान्य आंबवून केलेली ही पेये बिअरची दूरची नातलग म्हणता येतील. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात द्राक्षमद्य आहे, आणि गिऱ्हाइकांची पसंती इटलीच्या मद्याला असल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरच्या तगर नगरातून साधे कापड व मलमल भडोचला जात असल्याचे म्हटले आहे. तगर म्हणजे धाराशिव तालुक्यातले आजचे तेर. ज्या व्यापारी वाटेने तेरचे कापड समुद्राकडे गेले, तिच्या टोकाला दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी ‘कुठली आणली आहे?’ असे विचारून मद्य निवडत होते.

अलीकडच्या काळात सामान्यांचे पेय शिंदी हे होते. शिंदीच्या झाडाचा रस पहाटे उतरवला तर गोड नीरा असतो. दिवस चढेल तसा तो आपोआप आंबतो आणि त्याची तीव्रता साधारण बिअरइतकी होते. शिंदी साठवता येत नाही. जिथे झाड तिथेच आणि त्याच दिवशी प्यावी लागते, आणि प्रत्येक झाडाची व प्रहराची चव वेगळी. ताजेपणा, स्थानिकता आणि खेपेगणिक फरक हे क्राफ्ट बिअरचे म्हणून सांगितले जाणारे तिन्ही गुण मराठवाड्यातल्या शिंदीत आधीपासून होते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. शिंदी आणि ताडीवरचा अबकारी कर हैदराबादच्या निजाम सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. म्हणूनच 1947-48 च्या मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसने शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात दारूबंदीचा गांधीवादी आग्रह होता आणि सरकारची तिजोरी आटवण्याचा डावही होता.

धाराशिव 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. पलीकडे मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी कायदा करून कडक बंदी आणली होती. राज्य पुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात आला आणि पुढे तो कायदा इथेही लागू झाला. बंदीची धार साठ-सत्तरच्या दशकांत बोथट होत गेली, 1973 मध्ये देशी दारूचे नियम आले, पण मूळ कायदा रद्द झाला नाही. त्यात सवलती तेवढ्या जोडल्या गेल्या. आजही महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्यासाठी परवाना लागतो: एक दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100 रुपयांत, आजन्म 1000 रुपयांत. बहुतेक पिणाऱ्यांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. बारला ‘परमिट रूम’ म्हणतात ते याच कायद्यामुळे, आणि त्याच कायद्याने जागांची विभागणीही करून ठेवली आहे. देशीचे दुकान सीएल-3, वाइन शॉप एफएल-2, परमिट रूम एफएल-3, बिअर शॉपी एफएल-बीआर-2. प्रत्येक परवान्याबरोबर एक गिऱ्हाईक, एक वेळ आणि एक प्रतिष्ठा ठरते. देशीच्या दुकानात संत्र्याच्या स्वादाची बाटली मागणारा आणि शॉपीतून कॅन पिशवीत लपवून नेणारा एकाच गल्लीत राहत असला, तरी दोघांच्या सवयी निरनिराळ्या काउंटरवर तयार होतात. स्त्रिया यातल्या जवळजवळ कोणत्याच जागी बसू शकत नाहीत. त्यांच्या आवडीचा बाजाराने विचार केला तो मॉल आणि ब्रूपब आल्यावर.

बिअर भारतात आली ती इथल्या गोऱ्यांसाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून फिकी, भरपूर हॉप्स घातलेली एल मुंबई-कलकत्त्याला जहाजाने येऊ लागली. पुढे बर्टनच्या ऑलसॉप वगैरे ब्रुअरींनी तो व्यापार काबीज केला. त्या प्रकाराला इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, हे नाव पडले. नावात इंडिया असूनही इथल्या सामान्य माणसाने ती त्या काळी चाखलीही नाही. एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायर यांनी कसौलीला ब्रुअरी काढली, 1915 मध्ये दक्षिणेतल्या काही ब्रुअरी एकत्र येऊन युनायटेड ब्रुअरीज झाली, आणि स्वातंत्र्यानंतर फिकी लागर हाच भारतीय बिअरचा एकमेव चेहरा बनला. मराठवाड्यात या उद्योगाचे केंद्र छत्रपती संभाजीनगरजवळची वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहत. देशातल्या मोठ्या बिअर कंपन्यांचे कारखाने तिथे एकमेकांच्या शेजारी आहेत.

जगभर याच एकसुरीपणाविरुद्ध प्रतिक्रिया उठली. इंग्लंडमध्ये 1971 मध्ये पिंपात मुरणाऱ्या जिवंत एलच्या बचावासाठी ग्राहकांचीच संघटना उभी राहिली. अमेरिकेत फ्रिट्झ मेटॅग यांनी 1965 मध्ये बंद पडू पाहणारी अँकर ब्रुअरी हाती घेतली, 1976 मध्ये जॅक मॅकॉलिफ यांनी न्यू अल्बियन सुरू केली आणि 1978 मध्ये घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठली. आजच्या बहुतेक अमेरिकन ब्रुअरींचे मूळ त्या घरगुती भांड्यांत आहे. बिअरचे प्रकार देशवार मांडून सांगणारे मायकेल जॅक्सन यांचे पुस्तक 1977 चे. हे इंग्लिश पत्रकार, गायक नव्हेत. बिअरबद्दल जबाबदारीने लिहिता येते, हे मुख्यतः त्यांनी दाखवले.

बिअरची चार घराणी मानण्याची सोयीची रीत आहे. जर्मन-चेक घराणे शिस्तीचे. बव्हेरियात 1516 मध्ये बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाण्याखेरीज काही घालू नये असा नियम झाला. यीस्टचे काम तेव्हा कोणाला कळलेले नव्हते. 1842 मध्ये प्लझेन गावात सोनेरी पिल्सनर जन्मली आणि जगातली बहुतेक बाटलीबंद बिअर तिचीच वंशज आहे. 1883 मध्ये एमिल हॅन्सन यांनी कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत शुद्ध यीस्ट वेगळे केले, त्यानंतर चव हुकमी झाली. ब्रिटिश घराण्यात एल, पोर्टर, स्टाउट येतात; यीस्ट 18 ते 22 अंशांत झपाट्याने काम करते, लागरसारखे थंडीत रेंगाळत नाही. बेल्जियन घराणे स्वच्छंद. तिथे धने, संत्र्याची साल, साखर, रानटी यीस्ट, काहीही वर्ज्य नाही. अमेरिकन घराण्याने या सर्वांकडून उचलले आणि हॉप्सचा मारा वाढवला.

पुण्या-मुंबईत सर्वाधिक रुळला तो गव्हाचा प्रकार, त्यामुळे त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे. बव्हेरियन हेफेवाइझेनमध्ये फळ किंवा मसाला काहीच घातलेले नसते. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो विशिष्ट यीस्टमुळे. आंबवण्याचे तापमान थोडे चढवले की केळे पुढे येते, उतरवले की लवंग. बेल्जियन विटबिअर याहून वेगळी. तिच्यात खरोखर धने आणि संत्र्याची साल असते. तो प्रकार नामशेष झाला होता. 1966 च्या सुमारास पिएर सेलिस यांनी हूगार्डन गावात तो पुन्हा सुरू केला. दोन्ही बिअर गढूळ, कमी कडू, भरपूर फेसाच्या. रोजच्या वरण-भाजीत धने असणाऱ्या माणसाला विटबिअर पहिल्याच घोटाला ओळखीची वाटते. स्ट्राँगकडून क्राफ्टकडे वळणारे बहुसंख्य मराठी लोक याच दारातून आत येतात. आयपीएपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि काही कधीच पोचत नाहीत. त्यात कमीपणा काही नाही. कडू जितके जास्त तितका रसिक मोठा, हा क्राफ्टवाल्यांतला समज स्ट्राँगच्या बढाईचेच सुधारलेले रूप आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याची सुरुवात पुण्यात झाली. 2009 मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी कोरिंथियन्स क्लबमध्ये डूलॅली सुरू केली. ब्रुअर होते जर्मन ओलिव्हर शाउफ. गव्हाच्या बिअरइतकेच तिथले सफरचंदाचे सायडर लोकप्रिय झाले, जे काटेकोर अर्थाने बिअर नव्हेच. मुंबईत 2013 मध्ये ग्रेग क्रॉइत्श यांनी लोअर परळला द बार्किंग डिअर काढले. 2014 च्या आसपास गेटवे ब्रुइंग, पुण्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, एफिनगट अशी नावे पाठोपाठ आली. 2015 मध्ये बिरा 91 ने गव्हाची बिअर बाटलीत घालून वाइन शॉपपर्यंत नेली. सुरुवातीची बिरा बेल्जियमहून बनून येत असे. पुण्याच्याच ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकमासारखे इथले घटक वापरून आंबट बिअर केल्या, आणि मूनशाइनने मधापासून मीड बनवायला घेतले. जर्मन शिस्तीने सुरू झालेली गोष्ट दहा वर्षांत सह्याद्रीच्या फळांपर्यंत आली.

धाराशिवला यातले काय पोचले? कॅनमधले थोडे, नळाचे काहीच नाही. न गाळलेली जिवंत बिअर केगमध्ये, म्हणजे धातूच्या पिंपात, सतत थंड ठेवावी लागते, ती लवकर खपावी लागते, आणि एवढी गुंतवणूक भरून काढणारी वस्ती जिल्ह्यात नाही. पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. जिल्ह्यातल्याच उमरग्याला तर पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. जिल्ह्यातले पिणे बरेचसे महामार्गाच्या कडेने वसले आहे, सोलापूर-धुळे आणि पुणे-हैदराबाद या दोन रस्त्यांवरचे ढाबे व बार धरून. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली मद्यविक्री 1 एप्रिल 2017 पासून बंद करण्याचा आदेश दिला. लहान गावांसाठी ते अंतर नंतर 220 मीटर करण्यात आले. त्या काळात कोण कुठे आणि काय पितो, हे जिभेपेक्षा मोजपट्टीने जास्त ठरवले. पुण्याच्या हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी तरुण पिढी सुट्टीला गावी येताना गव्हाच्या बिअरची आवड घेऊन येते आणि गावातल्या शॉपीत कॅन मागते. शॉपीवाला पुढच्या खेपेला एक पेटी मागवून ठेवतो. निमशहरी महाराष्ट्रात बदल होतो तो असाच, एकेका पेटीने.

या जिल्ह्याच्या बाजूने पाहिले तर क्राफ्ट बिअरमधला सर्वांत अर्थपूर्ण भाग कच्च्या मालाचा आहे. भारतातले जव मुख्यतः राजस्थान आणि उत्तरेतले, हॉप्स बहुतांश आयात. बालाघाटच्या डोंगररांगांत पिकते ती रब्बी ज्वारी, मालदांडी. ज्वारीची बिअर ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. आफ्रिकेच्या दक्षिण भागात ती शतकानुशतके घरोघर होते, आणि नायजेरियाने 1988 मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केल्यावर तिथल्या बड्या ब्रुअरींनी ज्वारीवर लागर काढून दाखवली. अडचणी आहेत. ज्वारीचे पिष्ट जवापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला फुलते, तोवर साखर करणारी विकरे मरू लागतात. ज्वारीच्या माल्टमध्ये त्यातले बीटा-अमायलेज मुळातच कमी. दाण्याला जवासारखे टरफल नसल्याने रस गाळताना गाळण तुंबते. यावर उपाय ज्ञात आहेत, आणि ग्लूटेन नसणे हा वरचा फायदा. गूळ तर हाताशीच आहे. बेल्जियन ब्रुअर गडद बिअरमध्ये मुद्दाम साखरेचा काळसर पाक घालतात. उसाच्या पट्ट्यातला काकवीच्या वासाचा गूळ त्याहून गुंतागुंतीची चव देऊ शकतो. आंबटपणासाठी शेजारच्या लातूरची पानचिंचोलीची चिंच आहे, जिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मात्र ज्वारी आणि मद्य हे शब्द महाराष्ट्रात एकत्र आले की 2007 च्या धान्याधारित मद्यनिर्मितीच्या धोरणाची आठवण होते. काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल हा त्याचा एक युक्तिवाद होता. दारूमुक्तीसाठी काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला: भाकरीचे धान्य भट्टीत आणि अनुदान कारखानदाराला. क्राफ्ट ब्रुअरीला लागणारे धान्य त्या डिस्टिलरींच्या तुलनेत नगण्य, पण प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. ज्वारी पेरणारा शेतकरी दाण्याइतकाच कडब्यासाठी ती पेरतो आणि ब्रुअरला लागतो फक्त दाणा. त्याला वाणानुसार चांगला भाव बांधून दिला, तरच या प्रयोगाला जिल्ह्यात अर्थ आहे.

पाण्याचा प्रश्न त्याहून कठीण. मोठ्या ब्रुअरीत एक लिटर बिअरमागे साधारण चार-पाच लिटर पाणी जाते, लहान ब्रुअरीत बहुधा जास्तच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागत होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य उद्योगाच्या पाण्यात 60 टक्के कपात करायला सांगितले. इतर उद्योगांसाठी ती 25 टक्के होती. धाराशिवकरांच्या मनात बिअरचा कारखाना आणि टँकरची रांग ही दोन चित्रे तेव्हापासून शेजारीशेजारी आहेत आणि ते रास्त आहे. रसायनाच्या अंगाने पाहिले तर पाण्यानेच जगातल्या बिअर घडवल्या: प्लझेनच्या मृदू पाण्याने पिल्सनर, बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्याने कोरडी, कडवट एल, लंडन-डब्लिनच्या कार्बोनेटी पाण्याने काळी पोर्टर-स्टाउट. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड असते. आजचे ब्रुअर आरओ लावून ते कोरे करतात आणि हवे ते क्षार परत घालतात. तसे न करता इथल्या पाण्याला मानवेल अशी गडद बिअर शोधणे, हा अजून कोणी फारसा न उचललेला रस्ता आहे.

खाण्याशी असलेले नाते हाही आवडीचा मोठा भाग. स्ट्राँगबरोबरचा चकणा, म्हणजे खारे शेंगदाणे, फुटाणे, शेव-कांदा-लिंबू, हा चवीची सोबत म्हणून घेतला जात नाही. तोंडातली बिअरची चव पुसायला घेतला जातो. चव असलेल्या बिअरला वेगळी जोड लागते. उस्मानाबादी शेळीचे काळ्या मसाल्यातले मटण आणि भाजक्या माल्टची पोर्टर यांचा मेळ उत्तम, कारण दोन्हीत जळकटपणाच्या अलीकडची तीच चव आहे. ठेच्याबरोबर आयपीए घेऊ नये. हॉप्सचा कडवटपणा मिरचीचा दाह वाढवतो, तर गव्हाची बिअर तो उतरवते. जानेवारीतल्या हुरड्याला फिकी, कोरडी, कमी कडू बिअर हवी. तशी जर्मन कोल्श मिळाली तर तीच.

हा विषय आत्ताच मांडण्याला आणखी एक निमित्त आहे. जून 2025 मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवले, देशीवरचेही वाढवले, आणि धान्यापासूनच्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्ग आणला. बिअर आणि वाइन या वाढीतून वगळली गेली. क्वार्टर महागली की काही जण स्वस्त वर्गाकडे जातील, काही बिअरकडे. ते कोणत्या बिअरकडे जातील, यावर पुढच्या दशकाची जिल्ह्याची सवय ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले की मद्याची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही. क्राफ्ट बिअरलाही त्यातून सूट नाही. गावातले दुकान बंद करण्यासाठी बायकांनी ‘आडवी बाटली’ला मतदान करण्याची सोय ज्या राज्यात कायद्याने करावी लागली, तिथे मद्याच्या चवीवर लिहिताना हे विसरून चालणार नाही. चवीकडे लक्ष देणारा माणूस आपोआप कमी पितो, असा दावाही हे पुस्तक करत नाही. लहान ग्लास, कमी मद्यार्क आणि सावकाश पिणे या तीन गोष्टी एकत्र आल्या तर मात्रा कमी होते, इतकेच म्हणता येते.

न पिणाऱ्याला हे पुस्तक प्यायला लावू पाहत नाही. पितो त्याला आपण काय पितो हे कळावे, आणि ‘मला हे आवडते’ या वाक्यामागे काय काय आहे ते दिसावे, हा त्याचा प्रयत्न आहे. म्हणून यात बिअरना गुण देऊन क्रम लावलेला नाही. फिक्याकडून गडदाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे, शंभर-दीडशे मिलिलिटरच्या छोट्या ग्लासांत चाखत जाण्याची रीत सांगितली आहे, आणि पारिभाषिक शब्द मराठी स्वयंपाकघरातल्या वासांशी जोडले आहेत: भाजलेले जिरे, करपलेली साय, कैरी, ओले गवत. वर्णने प्रौढ वाचकासाठी आहेत; महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय 21 आहे. घरी बिअर बनवण्याच्या कृती दिलेल्या नाहीत. अमेरिकेत चळवळ ज्या घरगुती भांड्यांतून उभी राहिली, ते भांडे इथे परवान्याशिवाय चुलीवर चढवणे 1949 च्याच कायद्याने आजही गुन्हा आहे, आणि इथली क्राफ्ट बिअर घराऐवजी क्लब, मॉल आणि टॅपरूममध्ये वाढली त्याचे एक कारण तेच आहे.